पाळीव सरड्या-सापासाठी लाकडी पेटी: आधी ऊब आखा, मग करवत उचला

सरडा किंवा साप पाळायचा तर त्याची पेटी घरी बनवता येते. साधं सुतारकाम जमणाऱ्या कोणालाही ती जमेल. अडचण सुतारकामाची नसते. बहुतेक नवे लोक पेटीकडे फर्निचर म्हणून बघतात. आधी सुबक खोकं तयार होतं आणि मग दिवा कुठे लावायचा याचा शोध सुरू होतो. तोवर छताची उंची ठरून गेलेली असते, हवेची भोकं चुकीच्या जागी पडलेली असतात आणि वायर आत घ्यायला वाटच उरलेली नसते.

सरपटणाऱ्या प्राण्याचं शरीर स्वतःची ऊब स्वतः टिकवत नाही. तो तापलेल्या जागी येऊन बसतो, पुरेसा तापला की गार जागी सरकतो. अन्न पचणं, हालचाल, आजाराला तोंड देणं, सगळं या ये-जा करण्यावर चालतं. म्हणून पेटीला एक टोक उष्ण आणि दुसरं गार हवं, आणि त्या दोघांमध्ये चालत जाण्याइतकं अंतर हवं. पुढचं प्रत्येक माप या एका गरजेतून निघतं.

या लेखात बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा धरून मापं दिली आहेत. पूर्ण वाढ झाल्यावर तो शेपटीसकट 45 ते 60 सेमी होतो. त्याला कोरडी हवा मानवते, त्यामुळे लाकडी पेटीशी त्याचं चांगलं जमतं. 120 × 60 × 60 सेमी ही त्याच्यासाठी किमान जागा समजा. मोठी करता आली तर जरूर करा. कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन या सापांनाही याच मापाची पेटी चालते, फक्त दिवे आणि तापमान बदलतं. लेपर्ड गेको या पालीला 90 × 45 × 45 सेमी पुरते. पिल्लू आहे म्हणून लहान पेटी करू नका, वर्ष-दीड वर्षात ती पुन्हा करावी लागेल. पिल्लाला मोठ्या पेटीत लपायला भरपूर जागा दिल्या की ते रुळतं.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट नक्की करा. बऱ्याच देशांत रानातले सरपटणारे प्राणी कायद्याने संरक्षित आहेत, आणि बाहेरून आणलेल्या जातींसाठी नोंदणी किंवा परवाना लागतो. तुम्हाला हवी असलेली जात पाळायला परवानगी आहे का आणि प्राणी पैदास केंद्रातलाच आहे का, हे आधी तपासा. रानातून पकडलेला प्राणी कोणी देऊ केला तर घेऊ नका.

लाकूडच का

काचेच्या टाकीतून ऊब चारी बाजूंनी निघून जाते. लाकूड ती धरून ठेवतं, त्यामुळे तोच दिवा कमी वॉटचा चालतो आणि रात्री तापमान एकदम कोसळत नाही. दुसरा फायदा मला तेवढाच महत्त्वाचा वाटतो. तीन बाजू बंद असल्या की प्राण्याला आडोसा मिळतो. चारी बाजूंनी उघड्यावर बसलेला सरडा सतत सावध राहतो, काचेवर नखं घासत राहतो.

लाकडाचा शत्रू ओल. ज्या जातींना दिवसातून दोनदा फवारणी आणि कायम दमट हवा लागते, त्यांच्यासाठी पहिल्याच प्रयत्नात लाकडी पेटी करायला जाऊ नका. बॉल पायथनला 60 ते 80 टक्के आर्द्रता लागते. तिथे लाकूड चालतं, पण आतला लेप अगदी काळजीने द्यावा लागतो. बिअर्डेड ड्रॅगनला 30 ते 40 टक्के पुरते, म्हणून नवख्यासाठी ते काम सोपं.

कोणतं लाकूड घ्यायचं? 18 मिमी जाडीचा, पाणी सहन करणारा प्लाय घ्या. आतला गोंद कमी फॉर्माल्डिहाइड सोडणारा असावा. E0 किंवा E1 असा शिक्का बघा. दिव्याखाली लाकूड तापतं आणि आतली वाफ त्या बंद जागेतच राहते, म्हणून हा शिक्का महत्त्वाचा. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतात, पण कडेतून एकदा पाणी शिरलं की फुगतात आणि पुन्हा मूळ आकारात येत नाहीत. सीडर तर अजिबात नको. त्याच्या वासातली द्रव्यं या प्राण्यांना घातक आहेत. ताज्या पाइनच्या फळ्या दिव्याच्या उबेने राळ सोडतात, त्याही टाळा. कीड लागू नये म्हणून रसायनात मुरवलेलं लाकूड घेऊ नका. जुन्या पेट्या फोडून काढलेल्या फळ्यांवर पूर्वी काय सांडलं होतं ते कळायला मार्ग नसतो, म्हणून त्याही नकोत.

फळ्या कापणं

आराखडा असा. तळ आणि छत 1200 × 600 मिमी, दोन तुकडे. दोन्ही बाजू या दोघांच्या मध्ये बसतात, म्हणून त्यांची उंची 600 उणे दोन फळ्यांची जाडी, म्हणजे 564 मिमी, आणि खोली 600. समोर खाली 1164 × 100 ची पट्टी, जिच्यामुळे माती बाहेर सांडत नाही, आणि समोर वर 1164 × 60 ची पट्टी, जी दिव्याचा झोत तुमच्या डोळ्यांवर येऊ देत नाही. 1164 का? 1200 मधून दोन बाजूंचे 36 गेले. पाठ वेगळ्या 12 मिमी प्लायची, 1200 × 600, मागून सगळ्या कडांवर बसवायची.

पाठ सोडून बाकी सगळं 2440 × 1220 मिमीच्या एका शीटमधून निघतं. तळ आणि छत शेजारी-शेजारी, त्यांच्या पुढे दोन बाजू शेजारी-शेजारी, आणि उरलेल्या जागेत दोन्ही पट्ट्या आडव्या. करवतीचं पातं दर कापाला तीनेक मिमी लाकूड खातं, ते मोजायला विसरू नका. शक्य असेल तर प्लाय जिथून घ्याल तिथेच मोठ्या मशीनवर कापून घ्या. हातकरवतीने 1200 मिमीचा काप सरळ येणं अवघड असतं, आणि इथे वाकडा आलेला काप शेवटी काच बसवताना छळतो.

जोडायच्या आधी भोकं पाडा. जोडलेल्या पेटीत ड्रिल घालून वाकून काम करणं त्रासाचं होतं.

हवेच्या भोकांची जागा ऊब ठरवते. गरम हवा वर जाते. गार टोकाच्या बाजूच्या फळीवर खालच्या अंगाला झरोका ठेवा, तळापासून साधारण 15 सेमीवर, म्हणजे माती घातल्यावरही तो उघडा राहील. उष्ण टोकाजवळ पाठीवर अगदी वर दुसरा झरोका. गार हवा खालून आत येते, तापत वर सरकते आणि उष्ण टोकाच्या वरच्या झरोक्यातून निघून जाते. दोन्ही झरोके वर ठेवले तर खालची हवा कोंडते. दोन्ही उष्ण टोकाला ठेवले तर ऊब सरळ बाहेर जाते. कोरड्या हवेच्या प्राण्यासाठी प्रत्येक टोकाला 60 ते 70 मिमी व्यासाची दोन भोकं घेऊन सुरुवात करा. वाढवणं सोपं असतं, बुजवणं कटकटीचं. आतून स्टीलची बारीक जाळी लावा आणि तिच्या कापलेल्या कडा पट्टीखाली दाबून टाका, नाहीतर प्राण्याचं नाक त्यावर सोलवटतं. सापासाठी एक साधा नियम आहे: जिथून त्याचं डोकं जाईल तिथून तो अख्खा जाईल.

वायरींसाठी पाठीवर वरच्या बाजूला 25 ते 30 मिमीची दोन भोकं, त्यात रबरी कडी.

जोडणी

तळ जमिनीवर, बाजू त्यावर उभ्या, वर छत. कडांना पाण्यात न सुटणारा लाकडाचा गोंद लावा आणि 4 × 40 मिमीचे स्क्रू 15 ते 20 सेमी अंतरावर घ्या. प्रत्येक स्क्रूआधी अडीच-तीन मिमीचं भोक पाडलंच पाहिजे. प्लायच्या कडेत थेट स्क्रू पिळला की थर उकलतात.

गोंद वाळण्याआधी काटकोन तपासा. गुण्या कोपऱ्यात लावून बघणं ठीक आहे, पण खरी परीक्षा कर्णांची. पेटी समोरची बाजू खाली करून आडवी टाका, टेप एका कोपऱ्यातून तिरक्या कोपऱ्यात, मग दुसरा कर्ण. दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. 3 मिमीचा फरक आला तर लांब कर्णाचे दोन कोपरे दाबून पेटी सरळ करा आणि लगेच पाठ ठोकून घ्या. पाठ बसली की चौकट हलत नाही. त्यानंतर समोरच्या पट्ट्या.

रिकामी पेटी काचेसकट 40 किलोच्या आसपास भरते. आत 8 सेमी माती-वाळू घातली की आणखी 80 किलोच्या जवळपास वाढतात. म्हणून ती ठेवायची जागा आत्ताच ठरवा. टेबल असेल तर मध्ये आधार हवा, नुसत्या चार पायांवर 120 सेमीचा तळ हळूहळू झोळ पडून वाकतो, आणि मग काचा सरकेनाशा होतात.

आतला लेप

या टप्प्यावर लोक घाई करतात आणि त्याची किंमत प्राणी मोजतो. क्रम लक्षात ठेवा: जोडणी, मग लेप, शेवटी सिलिकॉन. लेप आधी दिला तर त्यावर गोंद धरत नाही, सिलिकॉन आधी भरलं तर त्यावर लेप धरत नाही.

120 नंबरच्या पॉलिश पेपरने सगळं घासा, मग 180 ने. धूळ ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेनचे किमान तीन हात द्या. तळ आणि तळापासून वर 15 सेमीपर्यंत चार. दोन हातांमध्ये 240 नंबरचा कागद हलकासा फिरवला की पुढचा हात धरतो. कापलेल्या कडा, झरोक्यांची भोकं, वायरींची भोकं यांच्या आतली बाजू बहुतेक जण विसरतात, आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. बाहेरून तुम्हाला हवं ते करा.

डब्यावर ‘दोन तासांत सुकतं’ असं लिहिलेलं असतं. सुकणं म्हणजे हाताला न चिकटणं. आतपर्यंत पूर्ण घट्ट होऊन वास जायला दोन ते चार आठवडे लागतात. काचा न लावता पेटी हवेशीर जागी ठेवा. नंतर दिवे लावून तापवाल तेव्हा पुन्हा वास आला, तर अजून थांबा. बंद खोक्यात वाफ कोंडली की त्या प्राण्याला पळायला जागा नसते.

लेप पक्का झाला की आतल्या सगळ्या सांध्यांत सिलिकॉनची बारीक रेघ ओढा आणि ओल्या बोटाने सपाट करा. मत्स्यटाकीसाठी चालणारं सिलिकॉन घ्या. न्हाणीघरातल्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते इथे नको. व्हिनेगरसारखा वास येतो तो सिलिकॉन घट्ट होतानाचा. तो पूर्ण गेला की काम झालं.

काचा

समोर दोन सरकत्या काचा सर्वांत सोयीच्या. वरून झाकण उघडणाऱ्या पेटीत हात नेहमी डोक्यावरून येतो, आणि शिकारी पक्षी वरूनच येतात. समोरून उघडलं तर सरडा लवकर माणसाळतो.

4 मिमी जाडीची टफन्ड काच आणि दोन खाचांची प्लास्टिकची पन्हळ लागते. वरची पन्हळ खोल, खालची उथळ. काच वर ढकलून खोल खाचेत घ्यायची आणि मग खाली सोडायची, म्हणजे ती बसते आणि तशीच काढताही येते. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, म्हणून पन्हळी आधी चिकटवा, मग मोजा, मगच काच मागवा.

उंचीचा हिशेब: खालच्या खाचेच्या तळापासून वरच्या खाचेच्या माथ्यापर्यंत मोजा. समजा 400 मिमी आलं. खालच्या खाचेची खोली 6 मिमी. 400 मधून 6 आणि हालचालीसाठी 2 वजा केले की काच 392. खाली बसल्यावर तिच्यावर 8 मिमी जागा राहते. वरची खाच 14 मिमी खोल असेल तर काच अजून 6 मिमी आत अडकलेली असते, म्हणजे पडत नाही. मोजमाप डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, तिन्ही ठिकाणी घ्या आणि सर्वांत कमी आकडा धरा. रुंदीला दोन्ही काचा एकमेकींवर 30 मिमी यायला हव्यात: 1164 अधिक 30, भागिले दोन, म्हणजे प्रत्येकी 597. कडा घासून द्यायला सांगा. सापासाठी काचेला कुलूप हवंच. बिअर्डेड ड्रॅगनसाठीही लावून टाका, घरात लहान मुलं असतील तर विशेषतः.

दिवे आणि थर्मोस्टॅट

विजेचं काम हाताला नसेल तर हा भाग जाणकाराकडून करून घ्या.

उष्ण टोकाला, बाजूच्या फळीपासून किमान 20 सेमी सोडून, चिनीमातीचा होल्डर छताला बसवा. प्लास्टिकचा होल्डर सततच्या उष्णतेने ठिसूळ होऊन फुटतो. होल्डरमागे छतावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावा आणि झोत खाली फेकणारा रिफ्लेक्टर बल्ब घ्या. या उंचीला 75 ते 100 वॉटपासून सुरुवात करता येते. नेमका वॉट मोजूनच ठरतो. सापाच्या पेटीत बल्बभोवती जाळीचा पिंजरा अनिवार्य आहे, कारण साप गरम बल्बला वेटोळं घालून बसतो आणि भाजतो. विजेवर तापणारे कृत्रिम दगड मिळतात, त्यांनी पोट भाजल्याची उदाहरणं आहेत. ते आणूच नका.

दुसरा दिवा यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा. 290 ते 315 नॅनोमीटरच्या पट्ट्यातल्या किरणांमुळे सरड्याच्या कातडीत ड-3 जीवनसत्त्व तयार होतं. ते नसलं तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ होतात, जबडा आणि पाय वाकडे होतात. खिडकीतलं ऊन याची जागा घेत नाही, साधी काच हे किरण अडवते. पेटीच्या निम्म्या लांबीची टी5 नळी (बारीक ट्यूबलाइट) घ्या आणि उष्ण टोकालाच लावा. रानात ऊब आणि हे किरण दोन्ही एकाच सूर्याकडून येतात, त्यामुळे प्राणी तापायला बसतो तेव्हाच त्याला किरण मिळायला हवेत.

इथे पेटीच्या उंचीचा हिशेब लागतो. आतली उंची 564. छताखाली नळी आणि तिचं कवच 50 घेतं, माती 80, बसायचं लाकूड 70. उरले 364, त्यातून सरड्याच्या पाठीची उंची गेली की नळीपासून त्याची पाठ 33 सेमीवर येते. नळीच्या खोक्यावर अंतराचा तक्ता असतो. नळीवरचे टक्के म्हणजे तिच्या यूव्हीबीचा जोर. तक्त्यात 12 टक्क्यांच्या नळीसाठी याहून जास्त अंतर सांगितलं असेल तर बसायची जागा खाली आणा किंवा कमी टक्क्यांची नळी घ्या. यूव्ही निर्देशांक मोजायचं यंत्र उसनं मिळालं तर फारच छान: बिअर्डेड ड्रॅगनच्या पाठीच्या पातळीवर 3 ते 5 हवा. टी5 नळी उजेड देत राहते तरी तिचे उपयोगी किरण कमी होत जातात, म्हणून साधारण वर्षाने बदला. बसवलेली तारीख नळीच्या टोकावर लिहून ठेवा.

थर्मोस्टॅट म्हणजे ठरवलेल्या तापमानाला दिवा आवरणारं यंत्र. त्याच्याशिवाय उष्णतेचा कोणताही दिवा लावू नका. उजेड देणाऱ्या बल्बला उजेड कमी-जास्त करणारा, म्हणजे डिमिंग प्रकारचा लागतो. साधा चालू-बंद प्रकार बल्बला लावला तर तो दिवसभर लुकलुकतो आणि लवकर जातो. उजेड न देता फक्त ऊब देणाऱ्या सिरॅमिक हीटरला पल्स प्रकारचा, म्हणजे थोड्या-थोड्या झटक्यांनी वीज देणारा चालतो. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरीचं टोक, पक्का बांधा. सरड्याने तो ओढून गार टोकाला नेला तर यंत्राला वाटतं पेटी गार आहे, आणि ते दिवा पूर्ण जोरात चालू ठेवतं. बाहेरच्या वायरी सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे वायरवरून पाणी ओघळलं तरी सॉकेटपर्यंत पोचत नाही.

प्राणी आणण्याआधी

माती, दगड, लाकूड, लपायच्या जागा, सगळं मांडून पेटी एक आठवडा तशीच चालवा. दोन लपायच्या जागा किमान हव्यात, एक उष्ण टोकाला आणि एक गार टोकाला. एकच दिली तर प्राण्याला सुरक्षितता आणि योग्य तापमान यांतलं एकच निवडावं लागतं. जड दगड मातीवर ठेवू नका, थेट तळावर टेकवा. सरडे उकरतात आणि दगड त्यांच्या अंगावर येतो.

बसायच्या जागेचा पृष्ठभाग इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा: बिअर्डेड ड्रॅगनसाठी 38 ते 42 अंश सेल्सिअस. गार टोकाला प्रोबच्या डिजिटल थर्मामीटरवर 24 ते 27. रात्री 18-20 पर्यंत उतरलं तरी चालतं. लेपर्ड गेकोला पृष्ठभाग 33 ते 36 पुरे, कॉर्न स्नेकला उष्ण टोक 30 ते 32. काचेवर चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर वापरू नका, ते बऱ्याचदा चार-पाच अंशांनी चुकतात आणि मोजतात ती काचेजवळची हवा.

दुपारी बारा वाजता मोजून थांबू नका. सकाळी दिवा लागल्यावर तासाभराने, दुपारी सर्वांत गरम वेळी आणि पहाटे, असे आकडे लिहा. गार टोक 30 च्या वर जात असेल तर पेटी अजून प्राण्यासाठी तयार नाही. आधी बल्ब कमी वॉटचा करून बघा, मग वरचे झरोके वाढवा. उलट गार टोक 20 च्या आसपासच अडकलं असेल तर झरोक्याचं एक भोक झाकून बघा. प्रत्येक बदलानंतर दोन दिवस थांबा, एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही.

प्राणी आला की पहिले काही दिवस तो कुठे बसतो ते बघत राहा. दिवसभर उष्ण जागेवरच चिकटून असेल तर त्याला पुरेशी ऊब मिळत नसेल. सदैव गार कोपऱ्यात दडून असेल तर उष्ण टोक जास्त तापत असेल, किंवा तिथे आडोसा कमी असेल. उष्ण जागेवर थोडा वेळ तोंड उघडून बसणं हे अंग पुरेसं तापल्याचं लक्षण आहे. पण गार टोकालाही तो तोंड उघडून धापा टाकत असेल, तर दिवा बंद करा, तापमान मोजा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला दाखवा.

महिन्यातून एकदा पाण्याच्या भांड्याखालची माती बाजूला सारून तळावर बोट फिरवा. लेप मऊ लागला किंवा लाकूड काळपट दिसलं तर भांडं दुसरीकडे हलवा, ती जागा पूर्ण वाळू द्या, घासून पुन्हा दोन हात द्या. या दुरुस्तीच्या काळात, लेपाचा वास जाईपर्यंत, प्राण्याला ठेवायला दुसरी तात्पुरती पेटी आणि थर्मोस्टॅट लावलेला दिवा हाताशी असू द्या.